ठराव क्रमांक चार

पंचायतीच्या कारकुनाला त्या दिवशी तोंड लपवायचं होतं, पण सभेच्या खोलीत पाय ठेवायलाही जागा नव्हती. बत्तीस खुर्च्यांच्या खोलीत एकशे दहा माणसं कोंबलेली, आणि ती सगळी त्यानंच हातापाया पडून आणलेली.

वरून निधी यायचा तर कामांना गावसभेची मंजुरी लागे, आणि सभेला शंभर माणसं लागत. येत असत सात. त्यांतली तीन पंख्याखाली डुलकी काढायला. मग कारकून हजेरीची वही काखोटीला मारून घरोघरी फिरे. कुणी दाढी करता करता सही करी, कुणी जेवता जेवता डाव्या हातानं. वाचत कुणीच नसे. तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं, आणि शेवटी नको तेच झालं. सर्वाधिक उपस्थितीचं बक्षीस याच गावाला जाहीर झालं. ही आदर्श सभा बघायला वरच्या कार्यालयातल्या मॅडम स्वतः आल्या.

"एवढी माणसं दरवेळी बसतात कुठं हो?" मॅडमनी विचारलं.

"दाटीवाटीनं," कारकून म्हणाला. सरपंच खिडकीबाहेर बघू लागले.

इथवर निभावलं. पण मॅडमना मागच्या सभेचा वृत्तान्त ऐकायची हौस. कारकुनानं नाइलाजानं वही उघडली. ठराव क्रमांक चार त्यानं एकट्यानं बसून लिहिला होता. वरच्या आळीला नळ द्यायचा म्हणजे मोजणी, परवानग्या, खेटे. पंचायतीच्या कार्यालयाची भिंत आठवड्यात उभी राहते. निधीची मुदत तर संपत आलेली.

"वरच्या आळीतल्या रहिवाशांनी..." तो पुटपुटला.

"मोठ्यानं वाचा की!"

"वरच्या आळीतल्या रहिवाशांनी उभं राहून सांगितलं, की आम्हांला नळ नको, तो पैसा कार्यालयाच्या भिंतीला वापरावा. एकमतानं मंजूर."

वरची आळी म्हणजे सत्तर पायऱ्या आणि डोक्यावर हंडा. 'हे आम्ही कधी म्हटलं?' पन्नास तोंडांशी आलं आणि पन्नास तोंडं मिटली. तसं म्हणायचं तर आपली सही खोटी, हेही कबूल करावं लागणार. जो तो आपल्या चपला न्याहाळू लागला.

"सूचना मांडली कुणी?"

कारकुनानं वहीत बघितलं. नाव सुचेना म्हणून त्यानं घरचंच घातलं होतं. "माझ्या... सासूबाईंनी."

मागून एक म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठली. वरच्या आळीत ती एकटीच राहायची.

"आजी, खरंच नको होता नळ?"

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. 'मी असं म्हटलंच नाही' म्हणावं तर त्याची नोकरी गेली, आणि दोन लेकरांना घेऊन लेक आपल्या दारात.

"मीच म्हणाले," त्या म्हणाल्या. "बुद्धी फिरली होती माझी."

कारकुनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षांत वाटली नव्हती एवढी लाज त्याला त्या एका वाक्यानं वाटली.

"आता ताळ्यावर आलीय. लिहा, जावईबापू. वरच्या आळीला नळ हवा. आणि नळ येईस्तोवर तिथलं पाणी कारकुनानं भरावं. घरटी दोन हंडे."

"आमचा पाठिंबा!" मिटलेली पन्नास तोंडं एकदम उघडली. हात वर झाले, सरपंचांचाही झाला. मॅडम खूश. कारकून लिहीत होता. खरोखर झालेला ठराव लिहायची त्याची ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी कारकून धापा टाकत सासूबाईंच्या दारात हंडा घेऊन उभा राहिला. "आई, माझं चुकलं."

"हळू बोला. लेक शेजारीच आलीय, कालच्या सभेला नव्हती ती. मी तिला सांगितलंय, तुम्ही आपणहून पाणी भरताय. शेजारणींना सांगत फिरतेय बिचारी, माझा नवरा म्हणजे देवमाणूस."

कारकुनाला मान वर करवेना. हंडा ओतून तो तसाच वळला.

"जावईबापू," मागून हाक आली, "अजून एक राहिला."