भोंगा खोटं बोलत नाही

"अहो, आटपा! उरलेली मैफल उद्या गा!" बायकोने न्हाणीघराचं दार ठोठावलं.

साबणाच्या कारखान्यातले स्टोअरकीपर अंगावर फेस असताना घाई करत नसत. म्हणून ते रोज बरोब्बर दहा मिनिटं उशिरा पोचत. पण आता साहेबांनी जाहीर केलं होतं की, महिनाभर ज्याची हजेरी बरी दिसेल तो हेड स्टोअरकीपर. आणि दुसरे उमेदवार होते त्यांचेच साडू!

"माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला तुम्ही साहेब म्हणणार?" बायको कडाडली. "मग मी माहेरी तोंड कसं दाखवू?"

आंघोळ आवरती घ्यायचं सोडून स्टोअरकीपरांनी डोकं चालवलं. हजेरीचं यंत्र, छपरावरचा भोंगा, साहेबांचा कॉम्प्युटर, सगळे एकाच जुन्या कॉम्प्युटरला वेळ विचारून चालत. आणि तो म्हातारा होता स्टोअरकीपरांच्याच टेबलावर. संध्याकाळी त्यांनी त्याचं घड्याळ हळूच दहा मिनिटं मागे ढकललं. भोंग्यासकट बाकीच्या यंत्रांनी निमूट माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी स्टोअरकीपर शीळ घालत पोचले. दहा मिनिटं उशिरा!

"घड्याळ पुढे गेलं होतं हो आपलं," रात्री बायको म्हणाली. "सकाळच्या पहिल्या भोंग्याला मी ते मागे घेतलं. भोंगा कधी खोटं बोलत नाही."

आता हिला खरं सांगावं, तर ही बहिणीला सांगणार आणि बहीण साडूला. त्यांनी दात खाऊन वीस मिनिटं ढकललं. बायकोनेही वीस मिनिटं मागे घेतलं. चिडून अर्धा तास ढकललं. उशीर आपला दहाच मिनिटांचा!

महिना सरता सरता दुपारचे डबे उन्हं कलल्यावर उघडू लागले. लोकांच्या मोबाइलवर भलतीच वेळ दिसे; पण पगार भोंग्यावर होता, मोबाइलवर नव्हे. आवारातच राहणारे साहेबसुद्धा भोंग्यावर उठत. एकटे साडू टेकडीपलीकडे राहायचे, तिथे भोंगा ऐकू जात नसे. ते आपले जुन्या वेळेला येऊन बंद फाटकाशी पेंगत बसत.

"याला म्हणतात निष्ठा!" साहेब गहिवरले. "फाटक उघडायच्या आधी हा माणूस हजर!"

साडू हेड झाले, स्टोअरकीपरांच्या टेबलावर बसले आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांनी म्हाताऱ्याचं घड्याळ मोबाइलशी जुळवलं.

सकाळी अंधारातच भोंगा बोंबलला. भोंग्याला वेड लागलं म्हणत सगळ्यांनी कूस बदलली; साहेबांनीही. एका घरात तेवढा दिवा लागला.

"अहो, उठा! आपलं घड्याळ केवढं मागे पडलंय!"

बायकोने काटे गरागरा पुढे फिरवले. स्टोअरकीपर आंघोळ करून, मैफल संपवून धावत सुटले. पोचले, दहा मिनिटं उशिरा. कारखान्यात चिटपाखरू नव्हतं. फाटकाशी साडू एकटेच उभे होते.

"वा, साडूभाऊ! आज कामगारांत पहिला नंबर तुमचा!"

"होय, साहेब," स्टोअरकीपर बोलून गेले, आणि बायको मागे उभी नाही ना, म्हणून त्यांनी दचकून वळून पाहिलं.