फोनोचा काटा

माणूस फोनो गाणं ऐकायला घेतो. पलूसच्या लालासाहेब हवालदारांनी मात्र तो घेतला घरातलं ऐकू येऊ नये म्हणून.

बसऱ्याच्या वाळूत आणि तोफांच्या दणदणाटात अर्धं आयुष्य काढून हवालदार पेन्शनीवर आले. आता बांधावरच्या आंब्याखाली खाट टाकायची आणि निवांत पडायचं, एवढीच त्या दमलेल्या जिवाची इच्छा होती. पण घरात आई राहीबाई आणि बायको शालूबाई यांच्यात आघाडी पेटलेली, आणि तिथं तहाची बोलणी करायला कुणी धजत नव्हतं. सकाळी ताकात मीठ जास्त झालं म्हणून सुरू झालेलं भांडण संध्याकाळपर्यंत शालूबाईच्या माहेरच्या म्हशीपर्यंत जाऊन पोचायचं. मग दोघी न्यायाला हवालदारांकडं यायच्या.

"लाला, तूच सांग रं आता!"

"आवं, तुमीच सांगा की!"

(हवालदारांनी आजवर एकदाच सांगितलं होतं. त्या दिवशी त्यांना कुणी जेवायला वाढलं नाही.)

एकदा सांगलीच्या पेठेत गुळाचा सौदा करून परतताना त्यांना एका दुकानात चावीचा जुना ग्रामोफोन, म्हणजे फोनो, दिसला. याच्या आवाजात घरचा आवाज बुडेल, असं वाटून त्यांनी तो घेतला. घरी आणून चावी दिली, तबकडीवर पीन टेकवली आणि काय सांगावं! राहीबाईंच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. शालूबाई हातात लाटणं घेऊन उंबऱ्यावर बसली. तबकडी संपेपर्यंत घरात चकार शब्द नाही. तेव्हापासून आवाज चढायला लागले की हवालदार उठायचे, उसासा टाकायचे आणि चावी द्यायचे.

पण फोनोचा जीव पिनेत. दुकानदारानं बजावलं होतं, "हवालदार, तबकडीच्या एका बाजूला एक नवी पीन. बोथट वापराल तर तबकडीची चाळण होईल." शिवाय पिना दोन जातीच्या, मोठ्या आवाजाच्या आणि बारीक आवाजाच्या. राहीबाईंना कमी ऐकू येई, त्यांना मोठी हवी. शालूबाईचं डोकं उठायचं, तिला बारीक. म्हणजे भांडण मिटवायला आणलेल्या यंत्रावरनंच नवं भांडण! शेवटी अभंगाला मोठी आणि नाटकाच्या पदाला बारीक, असा तोडगा हवालदारांनी काढला आणि ते घामाघूम होऊन खाटेवर पडले.

तेवढ्यात जर्मनाची दुसरी लढाई जुंपली आणि बाजारातनं पिना नाहीशा झाल्या.

"सगळं पोलाद लढाईवर गेलं, हवालदार," दुकानदार म्हणाला.

"आमी आलो परत, तर आता पिना गेल्या व्हय?" हवालदार म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

घरी येऊन त्यांनी जुन्या पिना पाट्याच्या कडेवर घासून बघितल्या. गवई खोकायला लागला. पोती शिवायचा दाभण पीन बसते त्या साउंडबॉक्समध्ये कोंबला, त्यानं तबकडीवर नांगरट केली. बाभळीचा काटा लावला, तो निम्म्या अभंगात मोडला. फोनो गप्प झाला आणि इतके दिवस तुंबलेलं सगळं भांडण एकदम वाहायला लागलं. माहेरची म्हैस आता सकाळच्या न्याहारीलाच यायला लागली.

कंटाळून हवालदार रानात गेले. ऊस तुटून गेला होता आणि खतासाठी बिराप्पा धनगराची मेंढरं वावरात बसवली होती. बिराप्पा एका मेंढ्याच्या खुरातलं कुसळ काढत होता, काळ्यापांढऱ्या, टोकदार, गुळगुळीत काट्यानं. हवालदारांची नजर त्या टोकावर खिळली.

"बिराप्पा, ह्यो काटा मला दे."

"न्या की. पर हवालदार, घरात नगा नेऊ. साळिंदराचा हाय. साळिंदराचा काटा शिरला त्या घरात भांडान लागतंय, ठावं न्हाई व्हय?"

"बिराप्पा," हवालदार थकल्या आवाजात म्हणाले, "माज्या घरात त्येला करायला काय काम शिल्लक हाय, गड्या?"

त्यांनी टोक कापलं, पॉलिश कागदावर घासलं, साउंडबॉक्सच्या भोकात घालून मळसूत्र आवळलं. आणि आवाज निघाला तो असा गोड, की राहीबाईंना स्वच्छ ऐकू आलं आणि शालूबाईचं डोकंही उठलं नाही! त्या घरात दोघींचं एका गोष्टीवर पहिल्यांदाच जमलं. बोथट झाला की घासायचा, पुन्हा लावायचा. "पलटणीतली खास पीन हाय," असं हवालदारांनी ठोकून दिलं आणि उरलेला काटा फोनोच्या झाकणात दडवला. पुढं पावसाळाभर सासूसून शेजारी बसून शेंगा फोडत होत्या. गावभर ज्याच्या नावानं बोटं मोडतात तो काटा घरात होता आणि हवालदार दुपारी घोरत होते.

हे सुख खंडेनवमीपर्यंत टिकलं. त्या दिवशी घरातलं एकूण एक अवजार पूजेला मांडतात. कोयता, विळा, खुरपं, पाटावरवंटा सगळं ओळीनं मांडून झालं, तशी शालूबाईला फोनोची माया आली. बिचारा एवढा राबतो, त्यालाही हळदकुंकू लावावं म्हणून तिनं झाकण पुसायला घेतलं.

"आत्याबाई! साळिंदर!"

राहीबाई धावत आल्या. हवालदार खाटेवरनं उठेपर्यंत खटला उभा राहिला होता.

"तरीच म्हनते," राहीबाई कडाडल्या, "ह्या घरात भांडनं का व्हत्यात!"

"आगं आई, काटा आल्यापासनं तर भांडान बंद हाय!" हवालदार म्हणाले.

"आन त्येच्या आदी?"

"आदी काटा नव्हता की."

"तवा दुसरा लपवला आसशील! मुरलेला हाईस तू."

"व्हय आत्याबाई, तरीच मी तवा तुमास्नी उलटून बोलले. मी काय तशी हाय व्हय?"

"न्हाई गं माजी बाय. आन मी तुज्या म्हयेरच्या म्हशीला नावं ठेवली, ती बी ह्येच्यामुळंच."

दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. ताकातल्या मिठापासून म्हशीपर्यंत सगळ्या वर्षांचा हिशेब हवालदारांच्या माथी आला आणि निकाल लागला. फोनो गोठ्यात, आणि फोनो आणणाराही गोठ्यात.

हवालदारांनी खाट म्हशीशेजारी टाकली. घरातनं भांडणाचा आवाज येईना. जात्यावरच्या ओव्या यायच्या, मध्येच खिदळणं यायचं. आयुष्यभर जी शांतता मागितली ती अखेर मिळाली होती, पण ती भिंतीच्या पलीकडं होती. आता एखादं बारीकसं भांडण व्हावं, दोघींनी न्यायाला यावं, असं त्यांना फार वाटायला लागलं. नुसती चावी देऊन ते मुकी तबकडी फिरवत बसायचे, आणि म्हैस शेपटीनं त्यांच्या तोंडावरच्या माशा वारायची.

दिवाळीच्या तोंडावर शालूबाई भाकरी घेऊन आली. हवालदारांनी तोंड केविलवाणं केलं.

"शाले, काटा हितं साउंडबॉक्सात हुता, त्यो बी दिसंना. कुटं गेला?"

"त्यो व्हय? आत्याबाईंनी त्याच दिशी चुलीत घातला. झाकणातला बी आन पिनेच्या जागचा बी."

"आँ? मग मला आत का घेत न्हाईसा?"

शालूबाईनं पदर सारखा केला. तिला खरंच थोडं वाईट वाटत होतं.

"आवं, घरातनं एकाच दिशी दोन गोष्टी गेल्या, काटा आन तुमी. कशामुळं सुख लागलं ते आमाला बी कळंना. आत्याबाई म्हनत्यात, चांगलं चाललंय, आता परीक्षा कशाला बगायची?"

हवालदारांनी मान खाली घालून भाकरीचा तुकडा मोडला. तेवढ्यात परड्याच्या दारातनं राहीबाईंची मायेची हाक आली,

"शाले, जेवला का गं आपला काटा?"