अ डब्यातल्या शेपट्या

"शुक्रवारी बघाच तुम्ही! भल्याभल्यांना जे ठरवता आलं नाही, ते मी दोन डब्यांत ठरवून दाखवते!" सूनबाईंनी जेवता जेवता जाहीर केलं.

सूनबाई पेशींच्या प्रयोगशाळेत संशोधक. विजेच्या तारांभोवती जे मंद चुंबकीय क्षेत्र असतं, त्यानं पेशींमधली जनुकं तुटतात का, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी पेशी ठेवायचे दोन डबे, अ आणि ब. प्रत्येकाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. एक वेटोळं खरं. दुसरं नुसतं सोंग. त्यातली तार दुहेरी, एकीतून वीज गेली की दुसरीतून उलटी परत, म्हणजे आतलं क्षेत्र जागच्या जागी रद्द! दिसायला मात्र दोन्ही जुळे.

वेटोळी गुंडाळली सासऱ्यांनी. पस्तीस वर्षं विजेच्या उपकेंद्रात काढलेला माणूस, निवृत्त झाल्यापासून हात नुसते शिवशिवत होते. खरं वेटोळं कुठलं हे सूनबाईंना कळता कामा नये, अशी प्रयोगशाळेच्या मॅडमची सक्त ताकीद होती. म्हणून सासऱ्यांनी ते चिठ्ठीवर लिहून पाकीट लाखेनं बंद केलं. डब्यांना मीटर लावायलाही बंदी!

पण सूनबाईंनी कान लावला. अ डबा घरघरत होता. ब गप्प. आता हे ओळखायला पाकीट कशाला हवं?

मग मोजणी. जिची जनुकं तुटलीत, ती पेशी भिंगाखाली शेपूट फुटल्यासारखी दिसते. धडधाकट पेशी गोल गरगरीत. सूनबाई मोजत गेल्या. अ डब्यात दोनशे बारा शेपट्या, ब मध्ये चाळीस! शुक्रवारी मॅडमच्या समितीला हे पटलं तर प्रकल्पाला आणखी एक वर्ष. नाही तर सोमवारपासून सूनबाई घरी.

निकाल ऐकून सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"म्हणजे विजेजवळ राहिलं की जनुकं तुटतात?"

"पेशींमधली, आई. डब्यातल्या."

"आणि हे पस्तीस वर्षं त्या खांबांखाली उभे होते!" सासूबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. मुलगा निमूटपणे जेवत होता. "तरीच! तरी मी म्हणते, आमच्या माहेरी असं कुणीच नव्हतं!"

"काय झालंय त्याला?" सासरे कडाडले.

"काय व्हायचं राहिलंय? स्वतःच्या लग्नात चुकीच्या हॉलमध्ये जाऊन बसला होता!"

"ते माझ्या उपकेंद्रामुळे?"

"मग काय माझ्यामुळे?"

"आई, बाबा, अहो, हा निष्कर्ष फक्त..." पण सूनबाईंचं कोण ऐकतंय! दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मिक्सर गॅलरीत ठेवला. तिसऱ्या दिवशी दारावरची घंटा काढून घेतली, त्यामुळे दूधवाला दहा मिनिटं दार बडवून निघून गेला. आणि सासरे बायकोशी बोलेनासे झाले. पस्तीस वर्षांच्या इमानी नोकरीला डाग लागला होता, तोही घरच्या घरी! "चुंबकीय क्षेत्रानं काडीचंही होत नाही," एवढंच ते भिंतीकडे बघून म्हणत.

सूनबाईंना वाईट वाटलं. पण दोनशे बारा शेपट्यांपुढे सासऱ्यांचा मान कुठवर सांभाळणार?

शुक्रवारी समितीसमोर सासरे पाकीट घेऊन हजर. सासूबाई आणि मुलगाही मागच्या बाकावर. सूनबाईंनी तक्ते दाखवले, हातवारे केले, "अ डबा खरा आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नाही!" असं ठणकावून सांगितलं.

मॅडमनी लाख फोडली. चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली.

"यात लिहिलंय, दोन्ही खोटी."

मॅडमनी चिठ्ठी सूनबाईंपुढे धरली.

"बाबा!" सूनबाई किंचाळल्या.

सासरे टक्कल खाजवू लागले. "अगं, तू दिवसभर त्या डब्यांना चिकटून बसणार. अजून तुला मूलबाळ व्हायचंय. मी म्हटलं, उगाच कशाला..."

"पण काडीचंही होत नाही म्हणत होता ना?"

"माझ्या बाबतीत म्हणत होतो! तुझी जबाबदारी मी कशी घेऊ?"

"बघा, मनातून घाबरतात!" सासूबाई मागून जिंकल्याच्या सुरात ओरडल्या.

सूनबाईंना रडावं की त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावं, कळेना. एवढ्यात मॅडमनी शांतपणे विचारलं, "क्षेत्रच नव्हतं, तर शेपट्या आल्या कुठून?"

मॅडम स्वतः भिंगाला डोळा लावून बसल्या. तासाभरानं आकडे आले. अ डब्यात एकेचाळीस. ब मध्ये चाळीस. बाकीच्या एकशे एकाहत्तर शेपट्या म्हणजे कुठे डाग, कुठे सावली, कुठे बुडबुडा. आणि घरघर? ती अ डब्यामागच्या फ्रिजची!

सूनबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या.

"एक वर्ष वाढवून देते," मॅडम म्हणाल्या. सूनबाईंचा विश्वास बसेना. "प्रश्न चांगला आहे आणि अजून तसाच शिल्लक आहे. या वेळी एक वेटोळं खरं हवं. आणि मोजणी तुम्ही करायची नाही. सासऱ्यांनी नाही, सासूबाईंनी तर मुळीच नाही! ज्याचं या विषयावर काहीही मत नाही, असा माणूस आणा."

घरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांच्या नजरा एकदमच मागच्या बाकावर वळल्या. तिथे सूनबाईंचे यजमान खिडकीबाहेर बघत बसले होते. जन्मात त्यांनी कुठल्याच विषयावर मत दिलं नव्हतं. असा निःपक्षपाती माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता!

"अहो, तुम्ही मोजाल?" सूनबाईंनी मोठ्या आशेनं विचारलं.

"मोजतो की," ते लगेच उठून उभे राहिले. "फक्त किती यायला हव्यात, तेवढं आधी सांगून ठेव."