दोन बोटं सैल

एका सोमवारी सकाळी इमारतीच्या जिन्याखाली, पत्रपेट्यांच्या वर, परिपत्रक लागलं. विषय होता, 'निवासी श्वानांना प्रजातीनिहाय योग्य आहार देण्याबाबत'. इमारतीत एकंदर सात श्वान वास्तव्यास असून त्यांपैकी काही श्वान स्वतःच्या प्रजातीशी विसंगत अन्न खात असल्याचे समितीच्या निदर्शनास आले आहे, असं त्यात खेदाने म्हटलं होतं. पालकांनी नमुना 'ब' भरून, प्रजातीनुसार आहार सुरू करून, तीस दिवसांत समितीकडून आहार-अनुरूपता दाखला घ्यावा. दाखला नसलेल्या श्वानास एकतिसाव्या दिवशी शहराबाहेरील निवाऱ्यात हलवण्यात येईल. खाली अध्यक्षांची सही होती आणि सहीवर शिक्का, त्यामुळे मजकुरात चूक असण्याचा प्रश्नच मिटला होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या टेलरकाकांनी ते दोनदा वाचलं. पायाशी ठिगळ बसला होता. ठिगळ हे कुत्र्याचं नाव. अंग पांढरं, पाठीवर तपकिरी तुकडा, एक कान काळा आणि शेपटी चौथ्याच रंगाची. सहा वर्षांपूर्वी दुकानातल्या चिंध्यांच्या ढिगात तो सापडला, तेव्हा काका त्याला झाडून टाकायलाच निघाले होते. पुढे काकू गेल्या, काकांचे गुडघे बोलायला लागले, दुकान बंद झालं. शिवणाचं हातमशीन आणि ठिगळ एवढ्यांनाच घेऊन काका मुलाकडे राहायला आले. मुलगा आणि सूनबाई सकाळी कामावर जायची ती दिवे लागल्यावर परतायची. मधल्या वेळात काका बोलायचे आणि ठिगळ ऐकायचा. दुसरं कुणी ऐकणारं नव्हतं. रोज सकाळी काका गरम दुधात पाव कुस्करून अर्धा स्वतः खायचे, अर्धा त्याला घालायचे. सहा वर्षांत दोघांचंही पोट कधी बिघडलं नव्हतं, पण तो योग्य आहार नाही हे त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

"बाबा, भरून टाका ना," मुलगा म्हणाला. "एकच तर रकाना आहे."

रकाना प्रजातीचा होता. काकांनी तिथे 'कुत्रा' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी नमुना शेरा मारून परत आला: 'कुत्रा ही प्रजाती नाही. पुनश्च भरावे.'

मुलाला आणि सूनबाईला यात वावगं काही वाटलं नाही. त्यांच्या फ्रिजच्या दारावर दोन तक्ते चिकटवलेले होते. मुलाचा तक्ता त्याच्या रक्तगटावरून बनवला होता आणि सूनबाईचा तिच्या जन्मवेळच्या हवामानावरून. मुलगा मोजून अकरा बदाम खायचा आणि बाराव्याकडे बघत बसायचा. सूनबाई दुपारनंतर फक्त हिरवं खायची. दोघंही सदैव भुकेली असत, आणि आपली भूक शास्त्रशुद्ध आहे याचा दोघांनाही अभिमान होता.

काका ठिगळला घेऊन कोपऱ्यावरच्या श्वान आहार दालनात गेले. आत पिशव्यांच्या रांगा होत्या. प्रत्येक पिशवीवर एकेका कुत्र्याचा फोटो होता आणि त्यातला एकही ठिगळसारखा नव्हता.

"कोणत्या जातीचा आहे काका?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"ते माहीत नाही बाई. पण सगळं खातो."

"सगळं खाणाऱ्यांसाठी आमच्याकडे काही येत नाही हो," ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं. तिने काकांना आत आहार सल्लागारांकडे पाठवलं.

सल्लागारांनी डॉक्टरांसारखा पांढरा कोट घातला होता. ते डॉक्टर नव्हते, पण कोटाला इस्त्री इतकी कडक होती की कुणी विचारत नसे. कोट डाव्या खांद्यावर अर्धा बोट उतरलाय, हे काकांच्या लगेच ध्यानात आलं. बोलले मात्र काही नाहीत.

"प्रजाती माहीत नसली तरी हरकत नाही," सल्लागार संगणकाकडे वळत म्हणाले. "मापं सांगा. यंत्र ओळखतं."

मापं म्हटल्यावर काकांचा चेहरा उजळला. एवढ्या दिवसांत कुणीतरी त्यांना समजणारं विचारलं होतं. गळ्यातली टेप काढून त्यांनी ठिगळची मान, छाती, पाठ आणि उंची घेतली आणि वहीत उतरवली. आता घोटाळा झाला तो इथे. चाळीस वर्षांच्या हाताला उघडं माप लिहायची सवयच नव्हती. टेप काहीही म्हणो, काकांची पेन्सिल दोन बोटं सैल धरायची, म्हणजे बसता-उठता काचायला नको. धुतल्यावर आटतं म्हणून आणखी दोन. अंग वाढतं असलं तर दुमडीत आणखी दोन. प्रत्येक माप सहा बोटांनी फुगलं आणि काकांनी ते खणखणीत आवाजात वाचून दाखवलं.

यंत्र थोडा वेळ विचारात पडलं. मग पडद्यावर एक राकट जनावर आलं. ते डोंगरकड्यावर उभं होतं आणि त्याच्या मिशांना बर्फ लागलेला होता.

"उत्तुंग हिमराखण," सल्लागार आदराने म्हणाले. "बर्फाळ पठारांवर मेंढ्या राखतो. लांडग्याला एकटा भिडतो."

"हा?" काकांनी खाली बघितलं. ठिगळ पंख्याच्या आवाजाला भिऊन खुर्चीखाली शिरला होता.

"त्याला संधी मिळाली नसेल," सल्लागार म्हणाले.

यंत्राने काढलेली प्रजाती आणि वहीतली मापं लिहून नमुना 'ब' समितीकडे गेला, आणि हिमराखणाची पिशवी घरी आली. ती ठिगळपेक्षा उंच होती. मागे बारीक अक्षरांत सूचना होत्या: 'बर्फात आठ तास चालून आल्यावर चार वाट्या. इतर कोणताही पदार्थ देऊ नये. दिल्यास कालावधी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावा.' ही शेवटची ओळ काकांनी बोट ठेवून पुन्हा वाचली. तीस दिवसांत दाखला हवा, तर आता पावाचा तुकडासुद्धा चालणार नव्हता.

ठिगळने वाटीतल्या गोळ्या हुंगल्या, काकांकडे बघितलं आणि वाटीकडे पाठ करून बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी उपाशीपोटी चक्कर यायला लागली तेव्हा त्याने चार-पाच गोळ्या गिळल्या, त्याही औषध घेतल्यासारख्या. तो उपाशी असताना काकांच्या घशाखाली दूध-पाव उतरेना, म्हणून त्यांनीही तो सोडला. काकांनी सल्लागारांना फोन लावला.

"खात नाही म्हणजे भूक नाही," सल्लागार म्हणाले. "भूक नाही म्हणजे व्यायाम नाही. पिशवीवर काय लिहिलंय?"

"बर्फात आठ तास."

"चालवलंत?"

"अहो, इथे बर्फ कुठला?"

"मग पिशवीला दोष देऊ नका."

सूनबाई स्वभावाने मदतीची. तिने हॉलमधला एसी जितका खाली जाईल तितका खाली नेला, फ्रिजचं दार उघडं ठेवलं आणि मेंढ्यांच्या जागी पांढऱ्या उशा मांडल्या. मग ती कामावर गेली. कानटोपी आणि दोन स्वेटर घालून काका जेवणाच्या टेबलाभोवती फिरायला लागले. दोन फेऱ्यांनंतर ठिगळ एका मेंढीवर डोकं ठेवून झोपला. काका एकटेच चालत राहिले. दर तासाला सूनबाईचा फोन यायचा, "बाबा, किती फेऱ्या झाल्या?" आठवडाभरात काकांना सडकून सर्दी झाली. भूकही कडाडून लागली. यावरून पिशवीवरच्या सूचना बरोबर असल्याचंच सिद्ध झालं, असं सल्लागारांनी कळवलं.

विसाव्या दिवशी ठिगळच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. काकांनी पुन्हा टेप लावली. छाती तीन बोटं आत गेली असेल, असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी वही काढून जुनं माप बघितलं, तर फरक नऊ बोटांचा निघाला; वरची सहा आपल्याच पेन्सिलीने सैल धरली होती, याचा त्यांना एकदम उलगडा झाला. ठिगळला आपणच, आपल्या हाताने, उपाशी पाडलंय, हे त्यांना सहन होईना. ते तसेच उठून अध्यक्षांकडे गेले.

"साहेब, चूक माझी आहे. मी मापं सैल धरली. तो मुळात एवढासाच आहे."

अध्यक्षांनी फाइल उघडली. "नमुना दाखल झालाय."

"मग दुरुस्त करू या की."

"दाखल नमुन्यात दुरुस्ती करता येत नाही," अध्यक्ष समजुतीने म्हणाले. "श्वानात करता येत असेल तर बघा."

काका घरी आले. मग त्यांनी मशीनवरचं झाकण काढलं. आयुष्यभर त्यांनी अंग बघून कपडा शिवला होता; आता कपडा बघून अंग शिवायचं होतं. न्हाणीघराच्या दारातलं पांढरं लोकरीचं पायपुसणं, जुन्या दुलईचा कापूस आणि आठ बटणं एवढ्या सामानातून, नमुना 'ब' मधल्या मापाबरहुकूम, त्यांनी एक हिमराखण शिवून काढला. ठिगळ चारही पाय ताठ ठेवून उभा राहिला आणि त्याने निमूटपणे तो घालून घेतला. काकांवर त्याचा भरवसा होता, आणि काकांना लाज वाटत होती ती याचीच.

तिसाव्या दिवशी तळमजल्यावरच्या सभागृहात तपासणी झाली. टेबलामागे अध्यक्ष, चिटणीसबाई आणि तज्ज्ञ म्हणून सल्लागार बसले. मुलगा आणि सूनबाई साक्षीदार म्हणून हजर होती. चिटणीसबाईंनी मापं घेतली. बोटभरही फरक निघाला नाही.

"महिनाभरात आहाराने काय किमया केलीय बघा," सल्लागार म्हणाले.

"पण याच्या पोटावर बटणं कशी?" चिटणीसबाईंनी विचारलं.

"या प्रजातीत असतात," सल्लागार म्हणाले. तशी नोंद झाली.

आता फक्त प्रत्यक्ष भक्षण राहिलं होतं, म्हणजे श्वानाने समितीसमोर योग्य आहार खाऊन दाखवायचा. काकांनी वाटी ठेवली. वर गोळ्या होत्या आणि गोळ्यांच्या खाली, सकाळीच कुस्करलेला, दूध-पाव. ठिगळने नाक खुपसलं, महिनाभरात पहिल्यांदाच शेपटी हलवली आणि गोळ्या चहूकडे उडवत तळ गाठला. एक गोळी अध्यक्षांच्या चष्म्यावर आपटली.

चिटणीसबाई वाकल्या. "काका, खाली काय आहे हे?"

काकांना खोटं बोलता आलं असतं. बटणं खपली होती, तिथे पावही खपला असता. पण ठिगळ ज्या घाईने खात होता ते बघून त्यांना ते जमेना.

"पाव आहे," ते म्हणाले. "दुधातला. महिनाभर उपाशी आहे हो तो. त्याला निवाऱ्यात नेणार असाल तर मलाही तिकडेच न्या. घरी बोलायला मला दुसरं कुणी नाही."

मुलाने मान खाली घातली. सूनबाईने फोन पर्समध्ये ठेवून दिला. अध्यक्ष गंभीर झाले. "अनधिकृत आहार. उरलेला कुठे आहे? जप्त करावा लागेल."

काकांनी पिशवीतून डबा काढला. त्यात त्यांच्या वाट्याचा अर्धा होता. दाखला मिळाला की घरी जाऊन खाऊ, म्हणून त्यांनी तो राखून ठेवला होता. झाकण उघडलं आणि सभागृहात गरम दुधाचा वास पसरला. अध्यक्ष सात महिने फक्त उकडलेला पाला खात होते. त्यांच्या पणजोबांचा पिंड तसा होता, असं त्यांना कुणी तरी यंत्रावर काढून दिलं होतं. चिटणीसबाईंना सूर्य डोक्यावर आला की चावण्याची मनाई होती. सल्लागार स्वतः तयार केलेल्या तक्त्यावर जगत होते, त्यांची अवस्था सर्वांत वाईट होती.

"पुरावा नेमका काय आहे, हे चाखल्याशिवाय ठरणार नाही," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी चिमूटभर घेतलं. डोळे मिटले. "एका चाखण्यात निष्कर्ष काढणं घाईचं होईल."

त्यांनी दुसऱ्यांदा चाखलं. चिटणीसबाईंनी स्वतंत्र पडताळणी केली. सल्लागारांनी तज्ज्ञ म्हणून बोटं चाटली. साक्षीदारांचाही जबाब हवा, म्हणून मुलाने एक घास घेतला आणि सूनबाईने, हिरवं नसताना, दोन. मग बराच वेळ डबा खरवडण्याचा आवाज तेवढा येत होता. काकांच्या वाट्याला काही आलं नाही.

इतिवृत्तात लिहिलं गेलं: 'कथित अनधिकृत आहार समितीच्या ताब्यात असताना संपुष्टात आला. पुराव्याअभावी आरोप सिद्ध होत नाही. श्वानाने समितीसमक्ष अन्न आवडीने ग्रहण केल्याचे सर्वांनी पाहिले. सबब दाखला देण्यात येत आहे. जिन्यातून ये-जा करताना श्वानाने प्रजातीचा अंगरखा परिधान करावा.'

दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या मजल्यावर पुन्हा दूध तापायला लागलं. मुलगा आता कामावर निघण्याआधी पाच मिनिटं काकांजवळ बसतो. बोलत फारसं नाही, डब्याकडे बघतो.

पुढच्या सोमवारी नवं परिपत्रक लागलं. विषय, 'निवासी मानवांना पिंडनिहाय योग्य आहार देण्याबाबत'. कुत्र्यांच्या वेळी काही पालकांनी कुरकुर तरी केली होती. या वेळी एकानेही केली नाही. पहिल्याच दिवशी काकांच्या दारात मापं घ्यायला रांग लागली, रांगेत सर्वांत पुढे अध्यक्ष होते, आणि जो तो काकांच्या कानाशी लागून सांगत होता, "काका, माझं जरा घट्टच धरा."

वाचता वाचता तुम्हीही रांगेत आलात ते बरं झालं. हसू आवरा आणि हात वर करा, छातीचं घ्यायचंय. दूध तापलेलंच आहे, पाव ताजा आहे, ठिगळचं खाऊन झालंय. तुमच्यापुरता सहज निघेल. तो तुम्हाला चालतो का, तेवढं मात्र आधी कुणाला तरी विचारून या.