हात निवेपर्यंत

रात्रपाळी करून आलेल्या ताक्योला या जगात एकच गोष्ट हवी होती, झोप. पण एप्रिल महिना, मनिलाजवळच्या पासिगमधलं पत्र्याचं घर आणि आठवडाभर कुबट वास फेकणारा खिडकीतला एसी! अख्ख्या घरात एसी तेवढाच, ताक्योच्या खोलीत. शेवटी रविवारी सकाळी बिचाऱ्यानं कंबर कसली. एकदाचा धुवायचा आणि दुपारी मेल्यासारखं झोपायचं.

खिडकीतला एसी काढणं म्हणजे झोपलेली म्हैस उचलणं. बायकोनं, ग्लेंडानं, एक बाजू धरली आणि निम्म्या वाटेत सोडली. तरी ते धूड कसंबसं मोरीत पोचलं. जाळी काढली तर आत धुळीचं घोंगडं. घामानं निथळत ताक्योनं नळाखाली हात धरला, तोच सासूबाईंनी, इलुमिनादाबाईंनी, नळ बंद केला.

"तापल्या हातानं पाण्याला शिवायचं नाही. पास्मा होईल."

पास्मा झाला की हात थरथरतात, शिरा फुगतात, माणूस कामातून जातो, हे पासिगमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक. डॉक्टर मानत नाहीत म्हणे. पण डॉक्टर कुठे घरी धुणी धुतात, असं सासूबाईंचं म्हणणं.

"मग नानाय, हात निवणार कधी?" ताक्योनं सासूबाईंना विचारलं. नानाय म्हणजे आई.

"गार जागी बस जरा."

"गार जागा मोरीत उघडी पडलीय."

सासूबाई हसल्या नाहीत. ताक्यो पंख्यासमोर बसला. पंखा गरम वारा घालत राहिला. बऱ्याच वेळानं सासूबाईंनी त्याचे तळवे चाचपून परवानगी दिली. पण घासलं की हात तापायचे आणि तापले की नळ बंद. ग्लेंडानं सकाळीच इस्त्री केलेली, म्हणजे तिला तर दिवसभर पाणी वर्ज्य. सासूबाईंचे हात गार होते, पण ते तपासणीत गुंतलेले. तासाभराच्या कामाला दुपार झाली. बसल्या बसल्या ताक्योला डुलक्या येत होत्या, आणि चिडायचंही त्राण उरलं नव्हतं.

अखेर शेजाऱ्याला हाताशी घेऊन त्यानं एसी खिडकीत बसवला आणि बटण दाबलं. अहाहा! वास नाही, खडखड नाही, नुसती गार झुळूक. ताक्योचे डोळे भरून आले. थकल्या अंगानं आंघोळही करायची नव्हती, म्हणून त्यानं कोरड्या पंच्यानं अंग पुसलं, चार घास भात आणि सुकी मासळी पोटात ढकलली आणि तो झोपायला निघाला.

खोलीचं दार उघडलं तर भिंतीपासून भिंतीपर्यंत चटया. ग्लेंडा, तिची बहीण, बहिणीची तीन पोरं, कोपऱ्यात तो शेजारी, आणि पलंगावर मधोमध सासूबाई. एसी घाण मारत होता तोवर या खोलीकडे कुणी फिरकत नव्हतं. ताक्यो एक पाय उचलून टेकायला जागा शोधत तसाच उभा राहिला.

सासूबाईंनी डोळे न उघडता हाक मारली. "ताक्यो, दार लाव बाबा. गारवा जातोय."

ताक्योनं बाहेरून दार लावून घेतलं.