ठमीची सीट आणि राजकुमारचं कलम

राजकुमार तायडे याने आयुष्यात एकच निर्णय कुणालाही न विचारता घेतला. तो म्हणजे, लेकीच्या जावळाला संग्रामपूरला बसने जायचं नाही, स्वतःच्या गाडीने जायचं. निर्णय तसा लहानच होता. वडनेर भोलजीहून संग्रामपूर काही विलायतेत नाही. (दीड तासाचा रस्ता. चहाला थांबलं तर दोन. राजकुमार चहाला थांबला नाही असं अजून घडलेलं नाही.) पण गाडी आली की नियम आला, आणि नियम आला की राजकुमारच्या अंगात दहा माणसांचं बळ यायचं.

नांदुऱ्याला एका सरकारी कचेरीत तो वरिष्ठ लिपिक होता. 'बंधनकारक' आणि 'सूचना' या दोन शब्दांमध्ये त्याने पंधरा वर्षांची नोकरी सुखात काढली होती. जे बंधनकारक ते करायचं, जी सूचना ती फाईलला लावून ठेवायची. घरीही हाच कारभार. सकाळी दात घासणं बंधनकारक, रात्रीचं ती सूचना.

त्याची बायको पुष्पांजली दवाखान्यात परिचारिका होती, आणि तिच्या लेखी असा काही भेद नव्हता. जावळाचा विषय निघाला त्याच दिवशी तिने सांगून टाकलं की तेरा महिन्यांची ठमी गाडीत लहान मुलांच्या सीटवर बसेल. (ठमीचं कागदावरचं नाव स्वरांजली. ते फक्त लसीच्या कार्डाला माहीत होतं.) राजकुमारने लगेच कायदा उघडून पाहिला. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट नाहीतर त्याच्या मापाची सीट, हे खरंच लिहिलेलं निघालं, आणि पुढे दंडही लिहिलेला निघाला. दंड म्हटल्यावर त्याने दुसऱ्याच दिवशी सीट आणली.

ती बसवायला तो गाडी घेऊन जाकीरच्या गॅरेजवर गेला. जाकीरने खोक्यातला कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "राजूभाऊ, यात तर लेकराचं तोंड मांगच्या काचेकडं दाखवून राह्यले. बाण बी तसाच आहे."

"बाण सूचना आहे," राजकुमार म्हणाला. "कायद्यात तोंडाचा उल्लेख नाही."

जाकीरने सीट पुढे तोंड करून बसवली. मागच्या उजव्या दाराची काच खाली उतरत नव्हती, ती त्याने पुढच्या आठवड्यावर ढकलली. निघता निघता राजकुमारला एकदम बापाची माया आठवली. मागच्या दारांना लहान मुलांसाठी जे लॉक असतं, आतून दार उघडू नये म्हणून, ते दोन्हीकडे लावून टाक, असं त्याने स्वतःहून सांगितलं. हे कुठल्या कलमात नव्हतं. कायद्याच्या पलीकडे जाऊन त्याने केलेलं हे आयुष्यातलं पहिलं काम होतं, आणि ते लक्षात ठेवा.

घरी आल्यावर त्याने आपला आराखडा मांडला. सीट मागे राहील आणि तिच्यावर दुपट्यांची पिशवी राहील. पुष्पांजली पिशवीशेजारी बसेल. आई, म्हणजे मनकर्णाबाई, नेहमीप्रमाणे पुढे बसतील, कारण मागे बसल्या की त्यांना गाडी लागते. आणि ठमी त्यांच्या मांडीवर. पोलिसांनी अडवलं तर सीट दाखवायची. पीयूसीचं सर्टिफिकेट नाही का आपण दाखवत, ते काही कुणी अंगाला बांधून बसत नाही.

पुष्पांजलीने शांतपणे विचारलं की लेकरू सीटमध्ये नसेल तर सीट कशाला. आराखड्यातला हा परिच्छेद राजकुमारने तयार केलेला नव्हता.

मनकर्णाबाई मात्र लेकाच्या बाजूने होत्या. त्यांचं म्हणणं रास्त होतं. "मामाच्या मांडीवर बसून जावळ काढतात, मंग आजीच्या मांडीनं काय पाप केलं?" आणि उलट्या सीटचं ऐकून तर त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. पोरगी पहिल्यांदा मामाच्या दारी जाणार ती पाठ करून? तिकडचे लोक काय म्हणतील?

"आत्याबाई, मी गाडी रिव्हर्स घालते अंगणात," पुष्पांजली म्हणाली. "मंग ठमीचं तोंडच पह्यले जाते घरात."

मनकर्णाबाई विचारात पडल्या. राजकुमार त्याहून जास्त विचारात पडला, कारण या एका वाक्यात गाडी पुष्पांजली चालवणार असं गृहीत धरलेलं होतं. तिने दिवाळीत लायसन काढलं होतं, पण राजकुमारने तिला पेट्रोलपंपापुढे कधी जाऊ दिलं नव्हतं. (रिव्हर्स घेताना त्याने स्वतः दारातल्या कडुनिंबाला दोनदा धडक दिली होती. ते झाड रस्त्यात येतं, असं तो म्हणायचा.) आणि संग्रामपूरची गोष्टच वेगळी. सासुरवाडीच्या दारात गाडी थांबणार, चालकाच्या बाजूचं दार उघडून जावई उतरणार, किल्ली बोटावर फिरवणार. गेले दोन महिने तो कचेरीत किल्ली फिरवण्याचा सराव करत होता. तीन वेळा ती शिपायाच्या चहात पडली होती.

"कायद्यानं तुमचा दंड वाचते," पुष्पांजली म्हणाली. "ठमीची मान नाही वाचत. ब्रेक लागला तर मांडीवरचं लेकरू हातात राहत नाही."

"काऊन नाही राहत? मी शाळेत कबड्डी खेळेल आहे."

तेव्हा पुष्पांजलीने सौदा ठेवला. ठमी नऊ किलोची. मनकर्णाबाईंनी शेताच्या बांधावर वाढवलेलं, गोड बोंडं तळायला विहीणबाईंसाठी राखून ठेवलेलं कोहळं तिने काट्यावर घातलं, तेही नऊ किलो भरलं. राजकुमारने पुढच्या सीटवर कोहळं मांडीवर घेऊन बसायचं. ती ग्रामपंचायतीपर्यंत गाडी चालवेल आणि एकदा ब्रेक मारेल. कोहळं मांडीवर राहिलं तर ठमी आजीच्या मांडीवर आणि गाडी राजकुमारच्या हातात. नाही राहिलं तर सीट मागे तोंड करून बसेल, ठमी तीत बसेल, आणि संग्रामपूरपर्यंत स्टेअरिंग तिचं. राजकुमारने मंजुरी दिली. कोहळ्यात मनकर्णाबाईंचा जीव होता, पण लेकाच्या हातांवर त्यांचा भरवसाही होता.

राजकुमार बेल्ट लावून बसला. (तो बंधनकारक होता.) कोहळ्याला त्याने दोन्ही हातांची मिठी मारली आणि वर हनुवटी टेकवली. गाडी निघाली, आणि फार जोरात नव्हती हे आवर्जून सांगायला हवं. बाजूने जाणाऱ्या सायकलवाल्याने आत वाकून पाहिलं आणि रामराम केला. पुष्पांजली म्हणाली की आता ती तीनपर्यंत मोजेल आणि तीनला ब्रेक. म्हणजे पूर्वसूचनाही मिळाली.

एक झालं. दोन झालं. तीनला राजकुमार जागेवर राहिला आणि कोहळं गेलं. ते त्याच्या मिठीतून साबणासारखं निसटलं, समोर आपटलं आणि त्याचे दोन तुकडे होऊन पायाशी पडले. बिया मात्र गाडीभर झाल्या. राजकुमारचे हात अजून मिठीतच होते, फक्त मिठीत काही नव्हतं.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसलेले भाऊराव उठून आले, खिडकीतून बघत राहिले आणि काय फुटलं म्हणून विचारू लागले.

 चष्म्यावर चिकटलेली बी काढून राजकुमार त्या दोन तुकड्यांकडे बघत राहिला. नऊ किलो. तेवढ्याच वजनाची त्याची लेक घरी आजीच्या कडेवर बसून गाडी यायची वाट बघत होती. त्याला कलम, परिपत्रक, कबड्डी, काहीच आठवेना. घरी पोचल्या पोचल्या त्याने जाकीरला फोन केला आणि सीट आजच्या आज बाणाप्रमाणे फिरवायला सांगितली. मनकर्णाबाईंनी कोहळ्याचे तुकडे डब्यात भरले, लेकाच्या हातांकडे एकदा पाहिलं आणि ठमीला त्याच्यापासून जरा लांब नेलं.

दुसऱ्याच दिवशी, जावळाच्या सकाळी, सगळे निघाले. पुष्पांजली स्टेअरिंगवर. तिच्या शेजारी मनकर्णाबाई बेल्ट लावून, हातात ठमीची बाहुली. मागे डावीकडे ठमी आपल्या सीटमध्ये, पट्टे लावून, मागच्या काचेतून पळणाऱ्या झाडांना टाटा करत. आणि मागे उजवीकडे, बंद काचेशी, मांडीवर कोहळ्याचा डबा घेऊन राजकुमार. किल्ली त्याच्याकडे नव्हती, म्हणून तो डब्याचं झाकण फिरवत होता. पण खरं सांगायचं तर त्याला मजा वाटत होती. पुढे बसून गाडी चालवताना ठमी कधी एवढी दिसली नव्हती. दर पाच मिनिटांनी ती त्याच्या कानामागे राहिलेल्या बीकडे बोट दाखवून हसायची.

जळगाव जामोदच्या अलीकडे एका महिला पोलिसाने गाडी अडवली. राजकुमार सरसावून बसला, कलम त्याच्या अगदी ओठांवर आलं. बाईंनी आत पाहिलं, बाळाला छान बसवलंय म्हणून पुष्पांजलीला शाबासकी दिली आणि जायला सांगितलं. कलम त्यांनी विचारलंच नाही. पुढचे दहा किलोमीटर राजकुमारने ते ठमीलाच म्हणून दाखवलं.

संग्रामपूरला मेहुणा श्रीधर दारातच उभा होता. पुष्पांजलीने गाडी अशी काही उलटी अंगणात घातली की मनकर्णाबाईंनी शेजाऱ्यांकडे वळून पाहिलं, सगळे बघताहेत ना म्हणून. ठमीचं तोंड पहिल्यांदा मामाच्या घराकडे आलं. सासूबाई, शालूबाई, भाकरतुकडा ओवाळायला पुढे आल्या. डावीकडचं दार उघडलं गेलं, ठमी मामाच्या कडेवर गेली, दार लागलं, आणि ती सगळी वरात हसत-बोलत घरात गेली. मनकर्णाबाईंचं गाडीचं वर्णन दारापर्यंत ऐकू येत होतं.

राजकुमारने दार उघडायला हात घातला. दार उघडलं नाही.

त्याने दोनदा ओढलं, मग खांदा लावला. मग त्याला जाकीर आठवला, लॉक आठवलं आणि बापाची माया आठवली. काच उतरत नव्हती. डावीकडे सीट इतकी पक्की बसवली होती की पलीकडे जाता येईना. त्याने पुष्पांजलीला फोन लावला, तर तो पुढच्या सीटवरच वाजला. शेवटी तो डबा बाजूला ठेवून दोन सीटांच्या मधून पुढे वाकला. खांदे गेले. पोट गेलं नाही.

त्याच अवस्थेत त्याने हात लांबवून हॉर्न दाबला.

शालूबाई बाहेर आल्या. मागून दोन चुलत सासऱ्यांसह सगळं घर आलं. जावई गाडीतून उतरला नव्हता. बायको गाडी चालवत आली, तो मागे बसला, कुणी त्याला या-बसा म्हटलं नाही, आणि आता आतून हॉर्न मारतोय. याचा अर्थ सांगायला कुणी लागत नाही. जावई रुसला होता. रुसलेल्या जावयाच्या दाराला हात लावायचा नसतो, आधी मनधरणी करायची असते.

मग मनधरणी सुरू झाली. शालूबाईंनी काचेसमोर हात जोडले. श्रीधरने आतून नवा टॉवेल आणि टोपी आणून टपावर ठेवली. एका चुलत सासऱ्यांनी चहाचा कप काचेपुढे धरला. राजकुमार आतून लॉक, लॉक म्हणून ओरडत होता आणि मान हलवत होता. बाहेर फक्त मान दिसत होती, आणि ती नकारार्थी होती. श्रीधरने टॉवेलवर शर्टपीस ठेवला.

न्हावी सगळं पाहत होता. त्याने श्रीधरला हळूच विचारलं, "मुहूर्त टळून राह्यला ना भाऊ. पाहुणे किती वेळ रुसतीन?"

पुष्पांजली पाणी पिऊन बाहेर आली. तिने एका नजरेत सगळं पाहिलं, पुढे झाली आणि बाहेरून एका बोटाने दार उघडलं. राजकुमार मागे सरकता सरकता तसाच, पाठ करून, सासुरवाडीच्या अंगणात उतरला.

"रुसले नाही हो ते," ती म्हणाली. "लहान लेकरायचं लॉक लावेल आहे. त्यायनंच लावून घेतलं."

जावळ वेळेत झालं. मामाच्या मांडीवर ठमी एकदाही रडली नाही, कारण समोर बाप बसला होता आणि न्हावी मधूनच त्याच्या केसातली एकेक बी काढून तिला दाखवत होता. कोहळ्याची बोंडंही झाली. फुटकं असलं तरी गोड होतं. टॉवेल-टोपी मिळाली. शर्टपीस शालूबाईंनी हसत हसत परत कपाटात ठेवला.

संध्याकाळी निघताना राजकुमार गुपचूप मागे, ठमीशेजारी जाऊन बसला. शालूबाईंनी ठमीचे पट्टे तपासले, वळसा घालून उजवीकडे आल्या, जावयाचं दार लावून दोनदा ओढून पाहिलं आणि लेकीला म्हणाल्या, "सावकाश जा बाई. दोन्ही लेकरं मांगं बसेल आहेत."