जावईबापूंचा समुद्र

मी दात काढायला गेलो आणि घरी समुद्र घेऊन आलो.

यात दोष असलाच तर भुलीच्या इंजेक्शनचा. आमचे दातांचे डॉक्टर दवाखाना हलवत होते. बाहेरच्या खोलीतली माशांची भलीमोठी काचेची टाकी रिकामी पडली होती. माझा अर्धा जबडा बधिर झाल्यावर त्यांनी विचारलं, "टाकी हवीय? फुकट देतो." मी "नको" म्हणालो. तोंडातून मात्र "हँ हँ" एवढंच बाहेर पडलं.

"वा! उद्याच टेम्पोने पाठवतो," डॉक्टर म्हणाले.

टाकी घरात आली आणि जेवणाचं टेबल बाल्कनीत गेलं. बायकोने आधी टाकीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"अहो, दात तरी काढलात ना?"

"काढला. आता यात चार रंगीत मासे सोडू."

"एवढ्या टाकीत चार मासे? बघायला दुर्बीण आणावी लागेल."

इथे माझा स्वाभिमान दुखावला. "नुसते मासे कसले! प्रवाळ लावतो. अख्खा समुद्र उभा करतो बघ, तोही काटकसरीत!" (प्रवाळ हा दगड नसून जिवंत प्राणी असतो, हे मला दुसऱ्या दिवशी माशांच्या दुकानदाराने सांगितलं.)

पंप जुना घेतला, दिवे जुने घेतले, आणि बादलीला भोकं पाडून फिल्टर घरीच केला. राहिलं खारं पाणी. ते समुद्री मीठ आणून कालवावं लागतं. त्यासाठी मला बाथरूममधलं पिंप फार सोयीचं वाटलं. हे घरात कुणाला सांगावं, एवढं मात्र सुचलं नाही.

सासूबाई नुकत्याच आमच्याकडे राहायला आल्या होत्या. सकाळी आंघोळ करून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या पाण्यात साबणाला फेसच येत नाही हो."

"इकडचं पाणी जडच आहे," मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो.

"जड? खारट आहे! चूळ भरली मी!"

थोड्या वेळाने त्या वाळल्या, आणि केसांवर, भुवयांवर मिठाचा पांढरा थर उमटला. बायकोने माझ्याशी अबोला धरला. सासूबाई मात्र बोलत होत्या. अखंड.

शेवटी टाकी भरली, दुकानातून आणलेले समुद्रातले दगड मांडले. दुकानदाराने बजावलं, "पाणी तयार होऊ द्या. इतक्यात मासे नकोत." आल्यागेल्याने "मासे कुठेत?" म्हणून विचारलं की सासूबाई सांगायच्या, "सध्या पाणी पाळलंय. ते माणसाळलं की मासे आणणारेत."

आणि एके दिवशी त्यांचीच हाक आली. "अगं, लवकर ये! दगडाला काहीतरी फुटलंय!"

दगडाच्या फटीतून एक इवलासा पिसारा बाहेर आला होता. पंख्यासारखा उघडला आणि आमची चाहूल लागताच झटकन मिटला. दगडाबरोबर कुणी अळीसारखा पाहुणा फुकटात आला होता! त्या दिवसापासून सासूबाईंची खुर्ची टाकीसमोर. पुढे केशरी माशांची जोडी आली, बोटभर प्रवाळाचे तुकडे आले, ते फुलांसारखे उमलले, आणि सासूबाईंचा परत जाण्याचा बेत बारगळला.

मी ऑफिसात इतकी फुशारकी मारली, की एका रविवारी खुद्द साहेब समुद्र बघायला हजर.

"थांबा साहेब, निळा दिवा लावतो!" मी बटण दाबलं.

फट्! जळका वास. दिवे गेले, पंपाची घरघर थांबली. (वायर वाचावी म्हणून मी सगळं एकाच बोर्डावर जोडलं होतं.) इलेक्ट्रिशियन म्हणाला, संध्याकाळी येतो. दुकानदार फोनवर ओरडला, "पाणी हलतं ठेवा, नाहीतर मासे गुदमरतील!" बघता बघता मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले.

सासूबाई उठल्या. "सगळ्यांनी एकेक मग घ्या! टाकीतलंच पाणी भरायचं, उंचावरून परत ओतायचं. थांबायचं नाही!"

"मीसुद्धा?" साहेब.

"तुम्ही उंच आहात. तुम्ही आधी."

ऑफिसात टेबलावरची फाइलही स्वतः न उचलणाऱ्या साहेबांनी घड्याळ काढलं, बाह्या सरसावल्या आणि एकामागून एक मग ओतायला सुरुवात केली. सासूबाई ताल धरून "हं, हं" म्हणत होत्या. हॉलभर पाणी झालं आणि साहेबांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद. तेवढ्यात बायको समोरच्यांच्या घरातून लांबलचक वायर ओढत आली.

"लावू का?"

"लाव!"

गडबडीत पंपाची नळी मीच बाहेरच्या बाजूला वळवून ठेवली होती. सणसणीत फवारा थेट साहेबांच्या छातीवर! मी झडप घालून नळी टाकीत खुपसली. मासे गिरकी घेऊन खाली गेले. मग साहेब हसू लागले, आणि हसता हसता सोफ्यावर कोसळले. (बायकोने त्यांच्याखाली टॉवेल सरकवला, तो सोफ्यासाठी.)

सोमवारी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. मी माफीची वाक्यं जुळवतच आत गेलो.

"मला घरी अस्साच समुद्र हवाय," साहेब म्हणाले.

माझी छाती फुगली. "साहेब, येत्या रविवारीच येतो, पाना-पक्कड घेऊन!"

"छे, छे!" साहेब खुर्चीतून अर्धवट उठलेच. "सासूबाईंना विचारा, त्या मोकळ्या आहेत का. आणि तुम्ही त्या दिवशी बाहेरगावी जाणार असाल, तर शनिवारची रजा आत्ताच मंजूर करतो."